हिप-हॉप ‘ख्रिसमस कॅरल’च्या ऑडिशनला जाताना

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेतल्या लहानमोठ्या नाट्यसंस्था डिसेंबरच्या नाटकांसाठी ऑडिशनच्या जाहिराती लावू लागतात. त्यात डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ जवळजवळ ठरलेलीच. कंजूष म्हाताऱ्या स्क्रूजला ख्रिसमसच्या आदल्या रात्री भुतं भेटतात आणि तो बदलतो, ती ही गोष्ट. १८४३ च्या डिसेंबरात आलेल्या या छोट्या पुस्तकावर आता कुणाचा स्वामित्वहक्क नाही, त्यामुळे त्याचं ज्याला जे करायचं ते करता येतं. कुणी हिप-हॉपही करतं. ही कल्पना वाटते तितकी ओढूनताणून आणलेली नाही. डिकन्सने पुस्तकाच्या पाच भागांना ‘स्टेव्ह’, म्हणजे गाण्याची कडवी, असंच म्हटलंय, आणि १८५३ पासून तो स्वतः ही गोष्ट सभागृहांत लोकांना वाचून दाखवत असे. चारचौघांत मोठ्याने सांगायचीच ती गोष्ट आहे.

तिकडे राहणाऱ्या, रंगमंचाची हौस असलेल्या, पण असल्या ऑडिशनला कधीच न गेलेल्या मराठी माणसासाठी हे लिहिलंय. तुम्ही शाळेत नाटकं केली असतील, तबला वाजवत असाल, मुलगी कथक शिकत असेल. त्यातलं काय कामाला येतं आणि काय आड येतं, तेही सांगतो. एक गोष्ट मात्र आताच लक्षात घ्या. ऑडिशनच्या खोलीत नवखा माणूस सहसा आवाजामुळे किंवा नाचामुळे मार खात नाही, घाईमुळे खातो. तो इतका भराभर बोलतो की टेबलामागे बसलेल्या निवड समितीला शब्दच कळत नाहीत.

पायरी १: जाहिरात नीट वाचा

आधी बघायचं ते नाटक नाचाचं आहे की रॅपचं. दोन्हींना लोक ‘हिप-हॉप म्युझिकल’ म्हणून मोकळे होतात. उदाहरण घ्यायचं तर ‘द हिप हॉप नटक्रॅकर’. जेनिफर वेबरने बसवलेला हा प्रयोग चायकोव्हस्कीच्या संगीतावर उभा आहे आणि त्यात कथा नर्तक सांगतात. कर्टिस ब्लोसारखा जुना रॅपर त्यात पाहुणा सूत्रधार म्हणून येतो. अशा ठिकाणी रॅप पाठ करून गेलात तर ते ऐकणार कोण? ‘कॅरल’ची गोष्ट वेगळी. तिच्यात संवाद भरपूर, त्यामुळे तिथे बहुधा रॅप आणि अभिनय आधी, नाच नंतर.

पात्रांच्या यादीला तिकडे ब्रेकडाउन म्हणतात. त्यात प्रत्येक भूमिकेपुढे वय, आवाजाची पट्टी आणि नाचाची अपेक्षा लिहिलेली असते. ‘मूव्हर’ असं लिहिलं असेल तर तालात नीट चालता-वळता आलं तरी भागतं, ‘डान्सर’ लिहिलं असेल तर भागत नाही. नट कमी आणि पात्रं जास्त अशीही बसवणूक असते. म्हणजे स्क्रूजचा भाचा फ्रेड झालेला नट पुढच्या प्रवेशात स्क्रूजचा जुना मालक फेझिविग होऊन येतो. तिथे एका सुंदर आवाजापेक्षा तीन वेगळे आवाज काढणारा माणूस जास्त उपयोगी.

मग पुस्तक वाचा. सगळं, पहिल्या पानापासून. फार तर तीन तास लागतील. वाचलं की कोणती भूमिका कशाची आहे ते उमगतं. स्क्रूजचा मेलेला भागीदार मार्ली, त्याच्या भुताने ओढलेली साखळी गल्ल्याच्या पेट्या, किल्ल्या, कुलपं आणि हिशेबाच्या वह्यांची आहे. रॅपरला याहून चांगला माल कुठे मिळणार? फेझिविगच्या घरची मेजवानी हा सरळसरळ नाचाचा प्रवेश. आणि भविष्यकाळाचं भूत अख्ख्या पुस्तकात एक शब्द बोलत नाही, फक्त हात पुढे करून बोट दाखवतं. शब्दांचा पाऊस पाडणाऱ्या नाटकातली ही एकच मुकी भूमिका. तुमचं बळ शरीरात असेल तर अर्जात तिचंच नाव लिहा. नवखे सगळे स्क्रूजच लिहितात.

पायरी २: तारखा आणि कागद

अर्जासोबत एक तक्ता असतो: तालमींच्या काळात तुम्ही कधी येऊ शकणार नाही त्याचा. त्याला कॉन्फ्लिक्ट शीट म्हणतात. मराठी घरांत इथेच गाडी अडते, कारण डिसेंबरची शाळेची सुट्टी म्हणजे भारताची तिकिटं. नाटकाचे प्रयोग साधारण थँक्सगिव्हिंगपासून, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या आसपास सुरू होऊन ख्रिसमसपर्यंत चालतात, आणि त्याआधीचा आठवडा, टेक वीक, प्रकाश-ध्वनीच्या तालमींचा. त्या आठवड्यात आणि प्रयोगांत सुट्टी मिळत नाही. तिकिटं काढून झाली असतील तर तसं लिहा. लपवून भूमिका मिळवली आणि नोव्हेंबरात सांगितलं, तर त्या गावात पुन्हा कुणी बोलावणार नाही. दिग्दर्शक एकमेकांना विचारतात.

फोटो आठ बाय दहा इंचाचा, चेहऱ्याचा, आजच्या तुमच्यासारखा दिसणारा. लग्नातला कापून काढलेला नको. बायोडेटा एका पानाचा, त्याच मापात कापून फोटोच्या पाठीला चार कोपऱ्यांत स्टेपल केलेला. मराठी मंडळात केलेली नाटकंही लिहा: नाटकाचं नाव, भूमिका, संस्था, तीन रकान्यांत. ‘विशेष कौशल्यं’ या सदरात तबला जरूर लिहा, पण तिथे जे लिहाल ते करून दाखवायला सांगतात, हे धरून चाला.

मानधनाचं आधी विचारा. हौशी संस्थेत बहुधा काही मिळत नाही, कुठे पेट्रोलपुरते पैसे देतात. व्हिसावर असाल तर हे पेट्रोलपुरते पैसेही किरकोळ समजू नका. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर तुमच्या कंपनीखेरीज दुसऱ्या कुणाकडून, त्याने तुमच्यासाठी वेगळा अर्ज केल्याशिवाय, कामाचा मोबदला घेता येत नाही. परवानगी नसलेल्या विद्यार्थ्याला किंवा एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या मुलालाही तेच लागू. शंका असेल तर वकिलाला विचारा, नाटकवाल्यांना नाही. मूल पगारी नाटकात जाणार असेल तर न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत बालकलाकाराचा परवाना वेगळा काढावा लागतो.

पायरी ३: सोळा बार

जाहिरातीत ‘सोळा बार रॅप’ असं असतं. एक बार म्हणजे चार ठोके, सोळा बार म्हणजे चौसष्ट. मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीत हे सुमारे ४३ सेकंदांत संपतं. ८५ ते ९५ च्या दरम्यान राहा. त्याहून जलद लय घेतली की नवख्याची जीभ अडखळते, आणि फार संथ घेतली की मधल्या रिकाम्या जागा भरायला अनुभव लागतो.

स्वतःचं लिहावं की दुसऱ्याचं म्हणावं? जाहिरातीत काही सांगितलं नसेल तर आमचं मत: स्वतःचं लिहा, ‘कॅरल’मधल्याच एखाद्या पात्राच्या तोंडी. पुस्तक मोकळं आहे, अडवणारं कुणी नाही. नाटकातला प्रसिद्ध रॅप उचलला तर समितीने तो त्याच दिवशी सहा जणांकडून ऐकलेला असतो आणि मूळ नट त्यांच्या कानात बसलेला असतो. दुसऱ्याचं घ्यायचंच असेल तर शिव्या नसलेलं घ्या. हे मुलाबाळांना घेऊन बघायचं नाटक आहे. काळ्या लोकांसाठीचा तो अपमानकारक शब्द ज्यात आहे ते गाणं घेऊच नका, तो शब्द गाळूनसुद्धा नाही. काळ्या रॅपरचा उच्चार काढून बोलायलाही जाऊ नका. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कने वाजवलेल्या पार्टीपासून हिप-हॉपचा जन्म मोजतात. ज्या काळ्या आणि लॅटिनो पोरांनी ते घडवलं, त्यांच्या समाजातलं कुणी ना कुणी बहुधा टेबलामागे बसलेलं असेल.

ऑडिशन इंग्रजीत द्यायची असली तरी घाई म्हणजे नेमकं काय ते मराठी ओळीवर चटकन दिसतं. स्क्रूजवरची ही ओळ घ्या. कारकुनाच्या शेगडीतला कोळसासुद्धा तो स्वतःच्या खोलीत ठेवतो, हे पुस्तकातलंच:

कोळसा मोजून, पगार मोजून, श्वाससुद्धा मोजून

बारचे चार ठोके. प्रत्येक ठोक्याचे चार बारीक भाग, म्हणजे एका बारमध्ये सोळा घरं. ‘कोळ-सा-मो-जून’ पहिल्या ठोक्यात, चार घरांत चार तुकडे, छान बसले. ‘प-गार-मो-जून’ दुसऱ्यात, तेही चार. ‘श्वास-सुद्-धा-मो-जून’ तिसऱ्यात, आणि हे झाले पाच. चार घरांत पाच माणसं. इथे जीभ काय करते? ‘सुद्धा’ गिळते, किंवा ‘जून’ चौथ्या ठोक्यावर ढकलते आणि पुढचा बार उशिरा सुरू होतो. ऐकणाऱ्याला वाटतं याला ताल नाही. खरं तर ताल होता, एक शब्द जास्त होता. ‘सुद्धा’ काढा. ‘श्वास मो-जून’ उरतं, तीन तुकडे चार घरांत, मग ‘श्वास’ जरा लांबवता येतो आणि तो खरोखर मोजल्यासारखा वाटतो. चौथा ठोका मोकळा ठेवा. तिथे स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला कडक वाजणारा ड्रम, एकटा वाजतो, आणि तिथेच तुम्ही श्वास घ्यायचा.

सोळाही बार असे कागदावर चौकटी आखून लिहा. दर दोन बारमागे श्वासाची एक जागा पेन्सिलने दाखवा. जिथे जागा सापडत नाही तिथला शब्द कापा, श्वास कापू नका. मग स्नेअरकडे लक्ष द्या. तो दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असतो. आरत्यांत वाढलेला हात प्रत्येक ठोक्यावर टाळी देतो आणि तबला शिकलेला कान समेकडे धावतो, त्यामुळे पहिल्या ठोक्यावर जोर पडून सगळं कवायतीसारखं ऐकू येतं. आठवडाभर फक्त दोन आणि चारवर टाळी देत चाला, स्वयंपाक करा, भांडी घासा. तबलेवाल्यांना हे सगळ्यांत अवघड जातं, पण एकदा बसलं की लय त्यांच्याइतकी पक्की कुणाची नसते.

उच्चारांचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मराठी माणसाचे दोन घोटाळे ठरलेले असतात. पहिला आघाताचा. मराठीत आपण अक्षरं साधारण सारख्या वजनाने बोलतो, इंग्रजीत एका अक्षरावर वजन पडतं आणि रॅपमध्ये तेच अक्षर ठोक्यावर यावं लागतं. ‘डेव्हलप’ (develop) शब्दात वजन दुसऱ्या अक्षरावर, ‘व्हे’वर आहे, आपण ‘डे’ ठोक्यावर ठेवला तर अमेरिकन कानाला क्षणभर शब्दच लागत नाही, आणि तेवढ्यात पुढची ओळ निघून जाते. शब्दकोशात आघाताची खूण असते, प्रत्येक मोठा शब्द तपासून घ्या. दुसरा घोटाळा शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क यांचा. इंग्रजीत त्यांच्याबरोबर हवेचा झोत येतो, जवळजवळ फ-ठ-खसारखा. आपण कोरडे उच्चारतो, म्हणून आपला ‘टेन’ त्यांना ‘डेन’ वाटतो. तोंडासमोर पातळ कागदाची पट्टी धरून म्हणा. ती हलली पाहिजे. हे अमेरिकन उच्चाराचं सोंग नव्हे. तुमचा मराठी हेल राहू दे, तो कुणाला खटकत नाही. शब्द हरवलेला खटकतो.

शेवटी चाचणी: ज्याने ते कधी ऐकलेलं नाही अशा माणसाला दहा-बारा पावलांवर उभं करा, माइकशिवाय एकदाच म्हणा, आणि त्याला गोष्ट विचारा. कोण बोलतंय, कुणाशी, काय हवंय त्याला. तो गडबडला तर लय मिनिटाला पाच ठोक्यांनी उतरवा.

पायरी ४: ट्रॅक आणि स्वरलिपी

रॅपसाठी नुसता वाद्यांचा ट्रॅक लागतो, गायकाचा आवाज नसलेला. सुरुवातीला वाद्यं दोन बारच वाजू द्या. ९० च्या लयीत ते पाच सेकंदांहून थोडं जास्त होतं. चार बार ठेवले तर दहा-अकरा सेकंद तुम्ही नुसते मान हलवत उभे. सोळाव्या बारनंतर ट्रॅक कापून टाका, नाहीतर तुमचं संपल्यावरही तो वाजत राहतो आणि कुणीतरी फोनकडे धावतं.

ट्रॅक फोनमध्ये उतरवून घ्या. तळघरातल्या हॉलमध्ये इंटरनेट मिळेलच असं नाही, आणि चुकून जाहिरात वाजली तर सगळे हसतात. फोन विमान मोडवर टाका. ब्लूटूथच्या भरवशावर राहू नका. स्पीकर आधीच्या माणसाच्या फोनला जोडलेला असतो आणि तुमची दोन मिनिटं जोडाजोडीत जातात. साडेतीन मिलीमीटरची तार आणि तुमच्या फोनचा अडॅप्टर खिशात हवा. खोलीत शिरताना ट्रॅक उघडून, शून्यावर आणून, आवाज पाऊणपर्यंत ठेवून फोन हातात द्या आणि म्हणा, ‘मी मान हलवली की सुरू करा.’ एवढंच.

गाण्याचे सोळा किंवा बत्तीस बार वेगळे मागतात. तिथे ट्रॅक चालेल की पियानोवाला असेल हे जाहिरातीत पाहा. पियानोवाला असेल तर स्वरलिपी तुमच्या पट्टीतली, तीन कड्यांच्या वहीत, न चमकणाऱ्या कागदावर. सुरुवात आणि शेवट ठळक खुणांनी दाखवलेले. लय त्याला बोटांनी वाजवून दाखवू नका, पहिली ओळ हळूच गुणगुणा. गाणं आर अँड बी किंवा पॉपचं असू दे. मुरक्या-ताना कमी. आपल्याकडे शिकलेल्या गळ्याला जागा दिसली की मुरकी घ्यावीशी वाटते. एक घ्या, शेवटी.

पायरी ५: नाच

स्वच्छ स्नीकर्स, फरशीवर काळे डाग न उमटवणारे. गुडघ्याला पॅड. पँट वाकता येईल अशी. स्क्रूजची टोपी, साखळ्या, सांताचा सदरा घरी ठेवा.

अंगावर नंबर लावतात, मग नृत्यदिग्दर्शक चार ते आठ ‘एट काउंट’चा (एक एट काउंट म्हणजे आठ ठोके) तुकडा अर्ध्या-पाऊण तासात शिकवतो आणि चार-पाच जणांच्या गटात करून घेतो. मध्ये रांगा बदलतात. पुढची रांग मागे जाते. मागे लपून राहिलात तर रांग बदलली की समोर बघायला कुणीच नसतं आणि पाय विसरतात, म्हणून आधीपासून दुसऱ्यावर नजर न ठेवता शिका. हात चुकले तरी चालतात. पाय आणि गुडघ्यांचा दाब तालात हवा. हिप-हॉपमध्ये ठोक्यावर शरीर खाली जातं, आणि दोन ठोक्यांच्या मध्येही ते थांबत नाही. कथक-भरतनाट्यम शिकलेल्यांची अडचण नेमकी हीच: पायांत लय लखलखीत, पण छाती आणि पाठ ताठ. बॉलिवूड नाचणारे हात अचूक नेतात, पण प्रत्येक पोझला थबकतात आणि हसतात. आरशासमोर हात बांधून फक्त गुडघे आणि छातीने एक अख्खं गाणं नाचून पाहा.

अर्जात पॉपिंग, लॉकिंग, ब्रेकिंग या नाचाच्या शैलींचे वेगळे रकाने असतात. तिन्ही एक नाहीत. लॉकिंग लॉस एंजेलिसच्या डॉन कॅम्पबेलचं, पॉपिंग फ्रेस्नोच्या बूगालू सॅमशी जोडलेलं, ब्रेकिंग ब्रॉन्क्सचं. येतं त्यावरच खूण करा, कारण शेवटी गोल करून प्रत्येकाला दोन एट काउंट मोकळे देतात. त्यात येताना चालत या, एकदा खाली जा, एका ठिकाणी थिजून संपवा. अनोळखी फरशीवर डोक्यावर फिरायला जाऊ नका. ती घसरते किंवा धरून ठेवते, आणि दोन्हींत मान तुमचीच.

पायरी ६: खोलीतली तीन मिनिटं

पंधरा मिनिटं आधी पोहोचा. दारातल्या स्वयंसेवकाशी नीट वागा, तो काय झालं ते आत सांगतो. आत गेल्यावर नाव आणि काय करणार ते सांगा. टेबलावरच्या लोकांच्या डोळ्यांत बघून रॅप करू नका, त्यांना लिहायचं असतं. त्यांच्या डोक्यावरून थोडं वर स्क्रूजचा कारकून बॉब क्रॅचिट उभा आहे असं धरा आणि त्याला सांगा. चुकलात तर माफी मागू नका. ट्रॅक चालू आहे, पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्यावर पकडा. शब्द गेला तर त्या पात्राचं नाव म्हणा, टाळी द्या, काहीही करा, पण ट्रॅक थांबवू नका. मधेच ‘थँक यू’ म्हणाले तर ते अपयश नाही. त्यांना हवं ते मिळालं.

मग कधी कधी संवादाचे दोन कागद देतात, त्यांना साइड्स म्हणतात. बाहेर पाच मिनिटं मिळतात. त्यात पाठ करू नका, फक्त पात्राला काय हवंय ते ठरवा. वाचून झाल्यावर दिग्दर्शक म्हणेल, ‘आता तसंच, पण तुम्हाला थंडी वाजतेय.’ त्याला बघायचं असतं की तुम्ही सांगितलेलं करून पाहता का. पहिल्यापेक्षा ते वेगळं दिसलं पाहिजे. चांगलं होणं पुढची गोष्ट.

व्हिडिओ मागवला असेल तर फोन आडवा, मागे मोकळी भिंत, प्रकाश समोरून. ट्रॅक फोनच्या मागे ठेवलेल्या स्पीकरवर, तुमच्या आवाजापेक्षा हळू. वायरलेस इयरफोनमध्ये ट्रॅक ऐकून नंतर जुळवायला जाल तर तुमचा आवाज थोडा मागे पडतो, आणि रॅपमध्ये तेवढं पुरेसं असतं सगळं बिघडायला.

कॉलबॅक, म्हणजे पुढच्या फेरीचं बोलावणं, आला तर

त्याच कपड्यांत जा. समितीने वहीत ‘लाल टी-शर्ट’ असं लिहिलेलं असतं. तिथे बहुधा नाटकातलाच रॅप देतात, आदल्या रात्री मेलवर. चौकटी आखा, श्वास लिहा, पुन्हा तेच. दोन जणांना एकत्र म्हणायला लावतात, तेव्हा समोरच्याला झाकायला जाऊ नका. त्याच्या ओळीचा शेवटचा शब्द ऐकून आपली सुरू करा, म्हणजे घाई आपोआप मोडते.

कोरसमध्ये किंवा अंडरस्टडी, म्हणजे बदली नट, म्हणून बोलावलं तर हो म्हणायचं की नाही ते घरी ठरवून जा. लहान संस्था निकाल दोन-तीन दिवसांत मेलने कळवतात, काही ठिकाणी फक्त निवडलेल्यांनाच. होकार देण्याआधी त्या मेलमधल्या तालमींच्या तारखा विमानाच्या तिकिटांशी पुन्हा एकदा पडताळून बघा.